सांधे दुखतात, डोळेही चुरचुरतात: दोन्ही तक्रारी एकत्र कशा हाताळायच्या

मेडिकलमधून आणलेल्या थेंबांच्या दोन-तीन बाटल्या संपल्या, तरी डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपतंच आहे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. त्याच माणसाची बोटं उठल्यावर तासभर धड वळत नाहीत, भाकरीचा घास गिळायला पाणी लागतं, किंवा गाल आणि नाक सतत लाल असतं. अशा वेळी थेंबांची कंपनी बदलून फारसं काही साधत नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावरचा दाह पुष्कळदा शरीरात इतरत्र चाललेल्या दाहाचाच भाग असतो आणि उपचार दोन्हीकडून करावे लागतात. अडचण अशी की नाशिकसारख्या शहरात डोळ्यांची फाइल कॉलेज रोडच्या दवाखान्यात, सांध्यांची मुंबई नाक्याला, आणि एका डॉक्टरला दुसऱ्याचं औषध ठाऊक नाही. ही सांधेजोड पेशंटलाच करावी लागते.

डोळ्यात बिघडतं काय

डोळ्यावरचा अश्रूंचा थर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळाला धरून राहणारा चिकट म्यूसिन, त्यात मिसळलेलं अश्रुग्रंथींचं पाणी आणि सर्वांत वर तेलाचा पातळ पदर, असा तो बनतो. तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. तेल कमी पडलं तर पाणी झटकन उडून जातं. पाणीच कमी बनत असेल तर थर मुळातच अपुरा राहतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात: उरलेले अश्रू जास्त खारट होतात.

हा खारटपणा पृष्ठभागावरच्या पेशींना सहन होत नाही. त्या इंटरल्युकिन-१, टीएनएफ-अल्फा अशी दाहाची रसायनं सोडतात, त्यांच्या मागोमाग प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी जमतात, म्यूसिन बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी मरू लागतात, मग थर आणखी लवकर फाटतो आणि अश्रू आणखी खारट होतात. वरून थेंब टाकले की खारटपणा तेवढ्यापुरता उतरतो, पण चक्र चालूच राहतं. काही जणांच्या डोळ्यांतून उलट घळाघळा पाणी येतं. तेही कोरडेपणाचंच लक्षण असू शकतं. चिडलेल्या डोळ्याने सोडलेलं हे पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जातं.

आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) सांध्यांत जी रसायनं धुमाकूळ घालतात, त्यांतलीच बरीचशी इथेही असतात. स्योग्रेनच्या आजारात तर प्रतिकारशक्तीच्या पेशी थेट अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींत शिरून त्या निकामी करतात. आज हा आजार सांध्यांच्या डॉक्टरांकडचा मानला जातो, पण कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सांधेदुखी यांचा मेळ सविस्तर मांडला तो हेन्रिक स्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने, १९३३ साली. आजही कित्येकींच्या बाबतीत पहिली शंका डोळ्यांच्या तपासणीतच यायला हवी. ‘कित्येकींच्या’ म्हटलं, कारण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पटींनी जास्त दिसतो.

इतर आजार वेगळ्या रस्त्याने येतात. रोझेशिया या त्वचेच्या आजारात चेहऱ्याच्या लालीबरोबर मायबोमियन ग्रंथी तुंबतात आणि वरचेवर रांजणवाड्या होतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नसल्याने हे निदान आपल्याकडे सुटून जातं. थायरॉइडच्या काही रुग्णांत डोळे पुढे येतात, पापण्या नीट मिटत नाहीत आणि बुबुळाचा खालचा भाग उघडा पडून वाळतो. त्यात सिगारेट असेल तर आजार आणखी चिघळतो. सोरायसिसमध्ये पापण्यांच्या कडा सुजतात. मधुमेहाचं प्रकरण सर्वांत फसवं, कारण बुबुळाच्या नसा बधिर झाल्याने पृष्ठभाग खरवडला गेला तरी माणूस कुरकुरत नाही. शुगर जुनी असेल तर ‘मला काही त्रास नाही’ या वाक्यावर विसंबू नका, वर्षातून एकदा रेटिना तपासायला जाल तेव्हा बुबुळही रंग टाकून पाहायला सांगा.

दवाखान्यात जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद

एक वही घ्या. त्रास कधी वाढतो ते आधी लिहा. सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होत असेल तर पापण्यांच्या ग्रंथींकडे किंवा झोपेत डोळे अर्धे उघडे राहण्याकडे बोट जातं. दिवसभरात चढत जाऊन संध्याकाळी असह्य होत असेल तर पाणी कमी बनत असण्याची शक्यता जास्त. मग बोटांचा ताठरपणा: उठल्यापासून किती मिनिटांनी मूठ घट्ट वळते? झिजेच्या दुखण्यात हा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो, दाहाच्या संधिवातात तो बराच जास्त रेंगाळतो. कोरडा चिवडा पाण्याशिवाय खाता येतो का, रात्री पाणी प्यायला उठावं लागतं का, दातांना अचानक कीड लागू लागली का, कानाखालच्या गाठी सुजतात का, निफाडकडे थंडी पडली की बोटं पांढरी-निळी होतात का, हेही लिहा. कोरडा खोकला, अंगावरचे चट्टे, तोंडातले फोड, जुनाट जुलाब हे डोळ्यांच्या डॉक्टरला सांगायला संकोच वाटतो, पण नेमकं तेच उपयोगी पडतं.

औषधांची यादी अपुरी देऊ नका. सर्दीची सेटिरिझीनसारखी गोळी, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलीन, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, ही सगळी डोळे कोरडे करतात. कधीकधी अख्खं कोडं इथेच सुटतं आणि रक्ततपासण्यांवरचा खर्च वाचतो.

घरच्या घरी एक ढोबळ चाचणी करता येते. पंखा बंद करा, दोनतीनदा पापण्या मिटा-उघडा, मग एका ठिकाणी नजर रोखून पापणी न लवता बसा. १० सेकंदांच्या आत जळजळून डोळे मिटावे लागत असतील तर थर लवकर फाटत असावा. हे निदान नव्हे, फक्त डॉक्टरकडे जाण्याचं कारण आहे.

तपासणीत काय करून घ्यायचं

त्या दिवशी निदान दोन तास आधीपासून कुठलाही थेंब टाकू नका, काजळ लावू नका, लेन्स घालू नका. चाचण्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी फ्लुरोसीनचा पिवळा रंग लावून थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात. १० सेकंदांपेक्षा कमी म्हणजे थर अस्थिर. त्याच रंगाने आणि जमल्यास लिसामीन ग्रीन या हिरव्या रंगाने पृष्ठभागावरचे खराब झालेले ठिपके मोजतात. शर्मरची कागदी पट्टी शेवटी. ती पापणीत अडकवली की डोळा चिडतो आणि त्यानंतर केलेल्या बाकीच्या मापांना अर्थ राहत नाही. पट्टी ५ मिनिटं ठेवतात. भूल न देता १० मिलिमीटरच्या वर ओली झाली तर ठीक, ५ किंवा त्याखाली म्हणजे पाणी खरोखरच कमी. पापणीची कड दाबून तेल कसं निघतं तेही पाहायला सांगा. ते पातळ आणि पारदर्शक निघायला हवं. टूथपेस्टसारखं घट्ट निघालं किंवा निघालंच नाही, तर ग्रंथी तुंबल्या आहेत.

ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांनी त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावं. या मूळ चाचण्यांना स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहायची दुर्बीण), रंगाची पट्टी आणि शर्मरची पट्टी एवढंच लागतं, महागडं यंत्र नाही.

रक्ताच्या बाबतीत एक चूक फार दिसते: लॅबचं ‘आर्थ्रायटिस पॅकेज’ स्वतःच करून घ्यायचं आणि निकाल पाहून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं. दोन्ही चूक. शरीरातला दाह मोजणारं सीआरपी नॉर्मल आलं म्हणून स्योग्रेन नाही असं होत नाही. त्या आजारात दाहाचंच दुसरं माप, ईएसआर, वाढलेलं आणि सीआरपी साधंच, असं चित्र नेहमीचं आहे. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवातच असंही नाही, तो स्योग्रेनमध्ये येतो, हेपटायटिस सीमध्ये येतो, उतारवयात निरोगी माणसातही येतो. एएनए या प्रतिपिंडांच्या तपासणीचंही तसंच. डॉक्टरांच्या सल्ल्याने करायच्या उपयोगी तपासण्या म्हणजे सीबीसी, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए, अँटी-रो म्हणजेच अँटी-एसएसए, एचबीए१सी (शुगरची सरासरी), टीएसएच (थायरॉइड) आणि हेपटायटिस सी.

स्योग्रेन ठरवण्याचे २०१६चे आंतरराष्ट्रीय निकष गुणांवर चालतात. अँटी-रो पॉझिटिव्ह असेल तर ३, ओठाच्या आतल्या लाळग्रंथींच्या तुकड्यात ठरावीक सूज दिसली तर ३. शर्मर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर १, रंगाच्या ठिपक्यांचं ठरावीक माप ओलांडलं तर १, लाळेचा वेग मिनिटाला ०.१ मिलिलीटर किंवा कमी असेल तर १. बेरीज ४ झाली की निकष पुरे. म्हणजे एकट्या डोळ्यांच्या चाचण्यांवर हा आजार ठरत नाही आणि एकट्या रक्तावरही नाही. मूल हवं असलेल्या बाईला अँटी-रो पॉझिटिव्ह आलं तर प्रसूतितज्ज्ञांना ते आधीच सांगा. ही प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात आणि क्वचित त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात.

रोजची काळजी, याच क्रमाने

शेक, मालीश, सफाई, मग थेंब. क्रम उलटला तर टाकलेला थेंब पुसून निघतो.

तुंबलेलं तेल वितळायला पापणीला ४० अंशांच्या आसपास ऊब लागते, तीही सलग १० मिनिटं. ओलं फडकं दीडदोन मिनिटांत गार होतं आणि बहुतेकांचा शेक इथेच फसतो. दोन फडकी घ्या, ४५ अंशांच्या आसपासचं पाणी थर्मासमध्ये ठेवा, एक गार व्हायच्या आत दुसरं ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा: सुखाचं वाटलं पाहिजे, चटका नको. तव्यावर तापवलेलं फडकं डोळ्यांवर ठेवण्याची घरोघरी सवय आहे, ती सोडा. त्याचं तापमान कुणालाच सांगता येत नाही आणि पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ. रोझेशिया असेल तर शेक फक्त पापण्यांपुरता, कारण गालांना ऊब लागली की लाली भडकते.

शेक संपताच, तेल पातळ असतानाच, बोटाच्या टोकाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने आठ-दहा वेळा हलकेच दाबत आणा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नका. मग पापण्यांची कड स्वच्छ करा, त्यासाठी मिळणारे तयार वाइप किंवा फोम बेबी शाम्पूपेक्षा बरे. सुरुवातीचा महिना रोज दोनदा, पुढे एकदा. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावलं की नेमकी ग्रंथींची तोंडं बुजतात. सुरम्यात शिसं असू शकतं. गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही; यांतलं काहीच डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं.

थेंबांत कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्क्यापासून सुरुवात करतात. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच बाटली घ्या. नेहमीच्या बाटल्यांतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह पृष्ठभागाच्या पेशींना स्वतःच इजा करतं. आधीच दाह असलेल्या डोळ्यात ते वारंवार गेलं तर औषधच रोग वाढवतं. खोक्यावरची घटकांची यादी वाचायला दहा सेकंद लागतात. खालची पापणी ओढून खळगा करा, एकच थेंब टाका, डोळा हलका मिटून आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट ठेवा. एक थेंबही डोळ्यात पुरता मावत नाही, दुसरा गालावरच जातो. दोन वेगळ्या औषधांत ५ मिनिटं अंतर ठेवा, जेल किंवा मलम सर्वांत शेवटी.

दाह ठळक असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, सहसा ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा. इथे धीर लागतो. पहिले काही आठवडे ते झोंबतात आणि पुरता गुण यायला ३ ते ६ महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘याने तर जास्तच जळजळतं’ म्हणून बाटली फेकून देणारे खूप. झोंबणं कमी करण्यासाठी सुरुवातीला सौम्य स्टिरॉइड थेंब २ ते ४ आठवडे जोडीला देतात, ते बंद करायची तारीख कागदावर लिहून घ्या.

स्टिरॉइडबद्दल जरा सविस्तर. मेडिकलवर ‘लाल डोळ्याचा ड्रॉप’ मागितला की पुष्कळदा अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेली बाटली हातात येते. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, म्हणून माणूस महिनोन्‌महिने तीच वापरतो. आत डोळ्याचा दाब वाढत असतो, मोतीबिंदू धरत असतो, आणि दोन्ही दुखत नाहीत. बागेत काम करताना पान किंवा काडी लागून डोळा लाल झाला असेल तर धोका तातडीचा: अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होतो आणि स्टिरॉइडने बुरशी फोफावते.

ओमेगा-३च्या कॅप्सूलबद्दल विचारणारे बरेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत रोज ३००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा झाला नाही. त्यासाठी राखून ठेवलेले पैसे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांवर घाला.

सांध्यांची औषधं आणि डोळे

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रेटिनाला इजा करू शकतं, म्हणून ते दीर्घकाळ घेणाऱ्यांनी स्वतःचं वजन आणि रोजचा डोस यांचा हिशोब करावा. वरची मर्यादा किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. ४५ किलोच्या बाईला रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे किलोमागे जवळपास ९, आणि हे चिठ्ठ्यांवर दिसतं. डोस स्वतः कमी करू नका, आकडा घेऊन डॉक्टरांना विचारा. पहिल्या वर्षात रेटिनाची मूळ तपासणी, ५ वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (रेटिनाच्या थरांचा स्कॅन) आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या कक्षेची चाचणी). किडनीचा त्रास असेल तर आधीपासूनच. ही तपासणी रेटिनाची आहे. कोरडेपणा त्यात कुणी पाहत नाही, तो वेगळा पाहायला सांगावा लागतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून गोळीच्या पाकिटावर लिहा.

सांध्यांचा आजार आटोक्यात आला तरी डोळे लगेच सुधारतील असं नाही. ग्रंथी कायमच्या खराब झाल्या असतील तर थेंब चालूच राहतात. उलट सांधे शांत असतानाही डोळ्यात आजार उसळू शकतो, म्हणून एकीकडचं बरं वाटणं दुसरीकडचा पुरावा मानू नये. अश्रूंची निचरा-नळी बंद करणारा प्लग दाह निवळल्यावरच बसवावा, नाहीतर दाहाची रसायनं डोळ्यातच तुंबून राहतात.

नाशिकचं हवामान आणि द्राक्षबागा

पावसाळा सोडला तर इथली हवा कोरडी. डिसेंबर-जानेवारीची सकाळ आणि मार्च ते मेची दुपार दोन्ही वाईट. स्कूटरवरून अंबड-सातपूरला जाणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली ठेवावी, बाजूने बंद असलेला चष्मा त्याहून चांगला. रात्री पंख्याचा झोत चेहऱ्यावर नको. गाडीतल्या एसीची जाळी पायांकडे वळवा. संगणकावर पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली जातं, म्हणून स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवा आणि दर २० मिनिटांनी पापण्या पूर्ण मिटून उघडा.

बागेत भुरी रोगासाठी गंधक आणि केवडा रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारताना साधा चष्मा पुरत नाही, चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल हवा. वारा समोरून तोंडावर येत असताना ब्लोअर चालवू नका. बोर्डोतला चुना डोळ्यात गेला तर तो कोरडेपणाचा प्रश्न राहत नाही. चुना बुबुळात खोल उतरत जातो. तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान ३० मिनिटं धुवा, वरची पापणी उलटून अडकलेले कण काढा, लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका, आणि धुऊन झाल्यावर थेट नेत्र रुग्णालयात जा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

झोपेतून उठवणारी खोल ठणक, तीही आमवाताच्या रुग्णात, म्हणजे स्क्लेरायटिसची (डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या खोल दाहाची) शंका. बुबुळाच्या कडेला पांढरी झीज दिसणं, उजेड अजिबात सहन न होणं, नजर अचानक धूसर होणं, काळ्या भागावर पांढरा डाग पडणं: यांत त्याच दिवशी डॉक्टर. आमवाताच्या जुन्या रुग्णात बुबुळाची कड विरघळू लागली तर तो संपूर्ण शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या दाहाचा इशारा असू शकतो आणि तिथे सांध्यांच्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन व्हायला हवा. स्योग्रेनमध्ये कानाखालची गाठ कायम मोठी राहिली, ताप येणं, वजन घटणं सुरू झालं, तर लिम्फोमा या कर्करोगासाठी तपासणी लागते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर

आत घालायच्या भिंगाचा नंबर बुबुळाच्या गोलाईच्या मापावर ठरतो. पृष्ठभाग कोरडा असेल तर ते माप दर वेळी वेगळं येतं आणि ऑपरेशन उत्तम होऊनही चष्म्याचा नंबर चुकतो. आधी कोरडेपणावर उपचार करा, माप स्थिर येईपर्यंत थांबा, मग तारीख घ्या. शिबिरात ऑपरेशन करून घेणाऱ्यांनी तर आमवात किंवा स्योग्रेन असल्याचं नोंदणीच्या टेबलावरच सांगावं. ऑपरेशननंतर सूज उतरवायला केटोरोलॅक, डायक्लोफेनॅक, नेपाफेनॅकसारखे थेंब सर्रास दिले जातात. या रुग्णांत त्यांनी बुबुळ विरघळण्याचा धोका असतो, म्हणून ते द्यायचे की नाही, किती दिवस द्यायचे आणि पुढची तपासणी कधी, हे ऑपरेशनच्या आधी ठरवून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.